मृतांच्या मुखीं घातलेले शब्द

फाल्गुन वद्य द्वितीयेला, म्हणजे तुकाराम बीजेच्या दिवशीं, आमच्या परंदवडीहून माणसें देहूला जातात. २०२५ सालच्या बीजेच्या आदल्या रात्रीं देवळांत भजन चाललें असतां एका वृद्ध गृहस्थांनीं बीज, वृक्ष आणि ब्रह्म यांच्या एकत्वाचें एक पद फार गोड म्हटलें. “काय महाराजांचा अभंग आहे!” असे उद्गार निघाले. तो महाराजांचा अभंग नव्हे, हें मला ठाऊक होतें. प्रभात कंपनीच्या १९३६ सालच्या ‘संत तुकाराम’ बोलपटासाठीं शांताराम आठवले यांनीं तें पद रचिलें. मी गप्प बसलों.

हा बोलपट मला अतिशय प्रिय आहे, हें आधींच सांगून टाकतों. दामले व फत्तेलाल यांनीं तो दिग्दर्शित केला. व्हेनिसच्या महोत्सवांत त्याचा गौरव झाला. आणि आजहि तुकोबांचें नांव निघतांच पुष्कळांच्या डोळ्यांपुढें विष्णुपंत पागनीसच उभे राहतात. पण त्यांत एक मौज आहे. बोलपटांतील खलपुरुष सालोमालो. त्याचा अपराध कोणता, तर तुकोबांचे अभंग तो आपल्या नांवावर खपवितो. आणि त्याच बोलपटानें आपलें पद तुकोबांच्या मुखीं घातलें व लोकांनीं तें त्यांच्या नांवावर जमा केलें! एकानें परक्याचें धन आपल्या पेटींत टाकलें, दुसऱ्यानें आपलें धन परक्याच्या पेटींत टाकलें. पहिल्यास आपण चोर म्हणतों. दुसऱ्यास काय म्हणावें? दाता म्हणावें, तर ज्याला दान दिलें त्याला विचारलें कोणीं? आठवल्यांनीं कोणास फसविण्याचा हेतु धरला होता असें नव्हे. कवीनें पात्राशीं इतकें तद्रूप व्हावें हा त्याचा गुणच. दोष असलाच तर तो ऐकणाराचा, आणि जाणून मौन धरणाराचा.

मौनाचा दंड मला दुसऱ्याच दिवशीं भरावा लागला. त्या सुमारास ‘छावा’ची घरोघर चर्चा होती. शिवाजी सावंतांच्या कादंबरीवरून लक्ष्मण उतेकर यांनीं केलेला हा हिंदी चित्रपट १४ फेब्रुवारी २०२५ रोजीं प्रदर्शित झाला. माझा पुतण्या तो दोनदां पाहून आला होता. संभाजी महाराजांचा शेवट सांगतांना त्याचे डोळे भरून आले. त्या अश्रूंची थट्टा करण्याचें माझ्या मनांतहि आलें नाहीं. पण पुढें तो म्हणाला, “गणोजीनें फितुरी केली, मीं डोळ्यांनीं पाहिली.” मीं म्हटलें, “तूं पाहिलेंस तें नटाचें काम. त्या प्रकरणीं इतिहास जाणणारांतहि एकमत नाहीं.” तेव्हां तो शांतपणें म्हणाला, “काका, मग काल देवळांत तुम्ही कां नाहीं बोललांत?”

मला उत्तर सुचलें नाहीं. नंतर पुष्कळ सुचलीं. त्यांतलें बरें वाटणारें उत्तर असें कीं, त्या पदानें कोणाचें नुकसान झालें नाहीं. उलट शिर्के घराण्यांतील आजच्या माणसांना चित्रपटानें दुखविलें, त्यांनीं निषेध केला, आणि आपण आडनांव घेतलें नव्हतें असें सांगत दिग्दर्शकांनीं दिलगिरी व्यक्त केली. भेद खराच आहे. परंतु नुकसान हें खोट्याचें माप धरलें, तर ज्याचा कैवार घ्यायला वंशज उरले नाहींत त्याच्याविषयीं वाटेल तें दाखविण्यास मोकळीक मिळते. सालोमालोच्या वतीनें कोण निषेध करणार?

शिवाय आपला आक्षेप कोठें जागा होतो तेंहि पाहण्यासारखें आहे. ‘छावा’च्या झलकेंत संभाजी महाराज लेझीम खेळतांना दिसले; ओरड झाली, आणि प्रदर्शनापूर्वींच तें दृश्य गाळलें गेलें. पूज्य पुरुषाला नाचवूं नये, ही भावना मी समजूं शकतों. (लेझमींत अप्रतिष्ठा ती काय, हें मात्र मावळांत जन्म घालवून मला कळलेलें नाहीं.) पण पूज्याला अधिक पूज्य आणि दुष्टाला अधिक दुष्ट दाखविलें, तर आपल्यापैकीं कितीजण हरकत घेतात? तेथें असत्य आपल्या आवडीच्या दिशेनें वाहत असतें. आणि ‘डोळ्यांनीं पाहिलें’ ही भावना किती दूर नेते! बऱ्हाणपुराजवळ असीरगडाच्या पायथ्याशीं २०२५ च्या मार्चमध्यें माणसें रात्रीं विजेऱ्या घेऊन शेतें खणूं लागलीं. चित्रपटांत मोगलांचा खजिना दाखविला होता, त्यांत तेथें सोन्याचीं नाणीं सांपडल्याची वदंता उठली. आपण त्यांना हंसलों. तीं निदान शेतच खणत होतीं. आपण आपल्या आवडीनिवडी घेऊन मेलेल्यांचीं जीवनें खणतों.

पुतण्याशीं नजर मिळवायची तर आधीं देवळांतलें ऋण फेडणें भाग होतें. पुढच्या एकादशीला मीं त्या वृद्ध गृहस्थांना एकीकडे घेऊन पदाच्या कर्त्याचें नांव सांगितलें. त्यांनीं ऐकून घेतलें. “आमच्या वडिलांनीं शिकविलें होतें,” एवढेंच ते म्हणाले, आणि टाळ पिशवींत ठेवूं लागले. पुतण्या आतां गणोजीविषयीं बोलतांना ‘म्हणतात’ असा शब्द घालतो. म्हातारे मात्र, मी देवळांत बसलेलों असलों म्हणजे, तें पद म्हणत नाहींत.