पुलाचं बिल कोणाच्या नावावर?

अटल सेतूवरून मोटारीनं एकदा जायला २५० रुपये पडतात. यावर साधारण दोनच प्रतिक्रिया ऐकू येतात. एक, 'सरळ लूट आहे.' दुसरी, 'तासभर वाचतो ना, मग द्या की!' दोन्ही बोलणारे बहुतेक वेळा मोटारवालेच असतात. बाईक आणि रिक्षाला त्या पुलावर प्रवेशच नाही, त्यामुळे त्यांना या वादात कोणी विचारतही नाही.

माझा प्रश्न टोल किती असावा हा नाही. पुलाचे पैसे कोणी द्यायचे आणि ते ठरवायचं कोणी, हा आहे.

या पुलाचा इतिहासच बघा. २००८ साली खासगी कंपन्यांकडून निविदा मागवल्या गेल्या. पूल तुम्ही बांधा, टोलही तुम्हीच घ्या, फक्त किती वर्षं घेणार ते सांगा. अनिल अंबानींच्या कंपनीनं १० वर्षांहून थोडी कमी मुदत सांगितली, तर मुकेश अंबानींच्या बाजूच्या कंपनीनं ७५ वर्षं. पूल तोच, समुद्र तोच! दोन्ही आकडे बारगळले. मग पूल एमएसआरडीसीनं बांधायचा की एमएमआरडीएनं, यावर वाद रंगला. एक संस्था राष्ट्रवादीच्या मंत्र्याकडे, दुसरी काँग्रेसच्या मुख्यमंत्र्यांकडे. दोघे एकाच सरकारात. २०१३ मध्ये पाच पात्र कंपन्यांपैकी एकीनंही बोली लावली नाही. शेवटी जपानच्या जायका संस्थेचं कर्ज आलं आणि सुमारे १७,८४० कोटींचा, २१.८ किलोमीटरचा पूल १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झाला.

या सगळ्या वर्षांत भांडण कशावर झालं? कंत्राट कोणाला आणि श्रेय कोणाला, यावर. बिल कोणाला, हा प्रश्न शेवटी उरला, तोही टोलचा दर ठरवण्यापुरता.

'जो वापरेल तो भरेल' हे तत्त्व वरवर न्याय्य वाटतं. जी बाई आयुष्यात कधी त्या पुलावरून जाणार नाही, तिनं का भरावं? मुद्दा बरोबर आहे. पण पुलाचा फायदा फक्त त्यावरून जाणाऱ्यालाच होतो का? पलीकडे उलवे-पनवेल भागात ज्यानं आधीच जमीन घेऊन ठेवली, त्याची जमीन तो घरी झोपला तरी महाग होते. त्याच्याकडे कुठला टोलनाका नाही. आणि ज्या कोळ्यांच्या मासेमारीच्या जागेत खांब उभे राहिले, त्यांनी तर पूल न वापरताच किंमत मोजली. नुकसानभरपाई हा त्या किमतीचा फक्त पैशात मोजता येणारा भाग.

मग टोलच नको, सगळं सरकारनं भरावं? ऑक्टोबर २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर, मुंबईच्या पाचही प्रवेशनाक्यांवर हलक्या वाहनांचा टोल माफ झाला. लोक खूश झाले. पण 'माफ' हा शब्द फसवा आहे. वसुलीचा करार चालू असताना टोल बंद केला की कंत्राटदाराची भरपाई सरकारी तिजोरीतून होते. म्हणजे काल मोटारवाला भरत होता, आज बिस्किटाच्या पुड्यावर जीएसटी देणाराही भरतो. आम्ही सॉफ्टवेअरवाले रोज 'फ्री' अॅप बनवतो, म्हणून सांगतो, सर्व्हरचं बिल कोणीतरी भरतच असतं. ते कोणाला दिसावं आणि कोणाला दिसू नये, एवढंच ठरवलेलं असतं.

सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलाची गोष्ट इथे आठवते. १९३० साली, ऐन मंदीत, त्या भागातल्या सहा काउंट्यांतल्या मतदारांसमोर थेट प्रश्न ठेवला गेला: साडेतीन कोटी डॉलरच्या रोख्यांसाठी तुमची घरं, शेतं, धंदे तारण ठेवायला तयार आहात का? सुमारे तीनास एक मतांनी लोक हो म्हणाले. पूल १९३७ मध्ये खुला झाला. टोलमधून १९७१ मध्ये सगळं कर्ज फिटलं. टोल मात्र थांबला नाही. त्यातून पुलाची देखभाल होते, शिवाय बस आणि फेरीलाही पैसा मिळतो. म्हणजे मोटारवाला बसवाल्याचा थोडा भार उचलतो. कर्ज फिटल्यावरही टोल घेणं योग्य का, यावर वाद घालता येईल. पण सुरुवातीला तरी लोकांना ठाऊक होतं की ते कशावर सही करताहेत.

मला फरक तिथे दिसतो. वाटणी पूर्ण न्याय्य करणं बहुधा कोणालाच जमणार नाही. कारण पूल १०० वर्षांच्या हिशेबानं बांधतात आणि त्याचं बिल ज्यांच्यावर जाणार त्यातले कित्येक अजून जन्मलेलेही नाहीत. त्यांना विचारता येत नाही. पण जे आहेत त्यांना तरी विचारता येतं. निविदा निघण्याआधी एक पान पुरे: कर्ज किती, कोण फेडणार, किती वर्षं, कोणाची जमीन महागणार, कोणाला पुलावर प्रवेश नाही. हे पान मराठीत, वॉर्डावॉर्डात वाचलं जावं आणि त्यावर लोकांचं मत घेतलं जावं. याने प्रकल्प रखडेल, असं कोणी म्हणेल. अटल सेतू हे काही न विचारताही २००८ पासून २०२४ पर्यंत रखडलाच होता.

आता वांद्रे-वर्सोवा सागरी सेतूचं काम सुरू आहे. त्याच्या टोलवर भांडायला आपण उद्घाटनाच्या दिवशी जमणारच आहोत. त्याआधी एकदा हिशेब मागितला, तर निदान भांडण योग्य वेळी होईल.