कबूल आणि कबुली

निकाहच्या दिवशी वकील आणि गवाह मुलीची संमती विचारतात. ती 'कबूल' म्हणते आणि संसार सुरू होतो. मराठीत या शब्दाच्या जोडीने आणखी एक शब्द रुजला आहे : कबुली. कबूल म्हणजे समोरच्याचा स्वीकार. कबुली म्हणजे स्वतःतले दडवलेले उघड करणे. आमच्या घरांतून पहिला शब्द चारचौघांसमक्ष उच्चारला जातो. दुसरा जन्मभर ओठांवर येत नाही.

याचे कारण आम्हाला शिकवलेला लिहाज. घरातली गोष्ट उंबऱ्याबाहेर जाऊ नये, इथवर ठीक. पण पुढे ती घरातही बोलली जात नाही.

आमचेच उदाहरण. बहिणीच्या लग्नासाठी आम्ही कर्ज काढले आणि पत्नीला सांगितले नाही. तिला काळजी नको, अशी स्वतःची समजूत घातली. खरी भीती तिच्या नजरेतून उतरण्याची होती. दोन वर्षांनी, रमजानमधल्या एका सहरीला, मुले उठण्यापूर्वी आम्ही बोललो. भाकरी थापत ती म्हणाली, "मेरेकू मालूम था. तुमीच बोलेंगे बोलके ठैरी थी." मग किती हप्ते उरले, ते तिने विचारले. कर्ज तसेच राहिले. पण त्यानंतरचा हिशेब आम्ही दोघांनी मिळून मांडला.

मनातले बोलणे म्हणजे तोंडाला येईल ते बोलणे नव्हे. 'मी स्पष्टवक्ता' म्हणणारे पुष्कळदा दुसऱ्याचे दोष मोजत असतात. ती फिर्याद झाली. फिर्यादीने माणूस बचावाला उभा राहतो, कबुलीने जवळ येतो.

मात्र कबुलीची किंमत दोघांना सारखी नसते. मलिका अमर शेख यांचे 'मला उद्ध्वस्त व्हायचंय' (१९८४) आणि मेहरुन्निसा दलवाई यांचे 'मी भरून पावले आहे' ही आत्मकथने आम्ही वाचली, वाखाणली. परक्या स्त्रीचे सत्य वाखाणणे सोपे असते. घरातल्या स्त्रीने तसेच काही सांगितले तर? आमची चूक पत्नीने पोटात घातली. तिची आम्ही घातली असती का?

त्या सहरीनंतर आम्ही तिला विचारले, "तुझे काही राहिले आहे सांगायचे?" ती क्षणभर थांबली. म्हणाली, "सांगेन कधीतरी."

आता थांबण्याची पाळी आमची आहे.