उपटलेलं रोप

आमच्या शेंदूरजनाघाटला संत्र्याच्या कलमांच्या नर्सऱ्या आहेत. परवा चार वर्षांच्या भाचीनं जंबेरीचं रोप मुळासकट उपटलं. मी ओरडलो. आबाजींनी मात्र तिच्याच हातानं ते परत लावून घेतलं. पोरीच्या शिकण्यासाठी रोपाचा जीव पणाला लावावा का? मला वाटतं, लावावा.

१९४५ मध्ये बोर्डीला ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी काम सुरू केलं. पोरं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली; अंगणवाडी ती हीच. आता आपण अंगणाला कुंपण घालतो अन् भिंतीवर संत्र्याचं चित्र लावतो. (ते सुकत नाही, एवढं खरं.)

आज शेजारची पोरं वाट्यांत पाणी घेऊन आली. भाचीनं आधी कुणालाच रोपाजवळ येऊ दिलं नाही. तिची वाटी रिकामी झाली, तेव्हा तिनंच हाक मारली.