भांडं कुणाचं, दूध कुणाचं

२००७ साली अॅपलने टीव्हीला जोडायचा एक चपटा डबा बाजारात आणला. किंमत २९९ डॉलर. आत एक गिगाहर्ट्झचा प्रोसेसर, २५६ एमबी रॅम आणि ४० जीबीची डिस्क. आज तुमच्या हातात जो फोन आहे, त्याच्यापुढे हा डबा अगदीच किरकोळ. आयट्यून्समधली गाणी-सिनेमे तो टीव्हीवर दाखवायचा. इतर बऱ्याच फॉरमॅटच्या फाइल्सकडे ढुंकूनही बघायचा नाही.

लोकांना हे काही फार दिवस पटलं नाही. डब्याच्या मागे सर्व्हिसिंगसाठी एक यूएसबी पोर्ट ठेवलेलं होतं. त्यात खास तयार केलेला पेनड्राइव्ह लावला, की आत एक्सबीएमसी नावाचं मोफत मीडिया सेंटर बसायचं. मग घरातल्या जवळपास सगळ्या फाइल्स चालू लागायच्या. एचडी व्हिडिओ मात्र त्या बारक्या प्रोसेसरला झेपत नसे. म्हणून काही जणांनी डबा उघडून वाय-फायचं कार्ड काढलं आणि त्या जागी व्हिडिओ उलगडणारं ब्रॉडकॉमचं कार्ड बसवलं.

हे सगळं करायचा त्यांना हक्क होता का? ‘माझा डबा, माझी मर्जी’ हे उत्तर सोपं वाटतं. पण समोरच्या बाजूचंही एक म्हणणं आहे आणि ते ऐकून घ्यायला हवं.

त्यासाठी थोडं मागे जाऊ. एक्सबीएमसीचा जन्म २००२ च्या सुमाराला मायक्रोसॉफ्टच्या पहिल्या एक्सबॉक्सवर झाला. ७३३ मेगाहर्ट्झचा प्रोसेसर आणि फक्त ६४ एमबी रॅम असलेलं हे गेम खेळायचं यंत्र. मायक्रोसॉफ्टची सही नसलेला कुठलाही प्रोग्रॅम ते चालवत नसे, त्यामुळे आधी त्याचं कुलूप तोडावं लागे. आणि मायक्रोसॉफ्ट ते यंत्र तोट्यात विकत होती. हा तोटा पुढे गेम्सच्या विक्रीतून भरून निघेल, असा हिशोब होता. तेव्हा कंपनी म्हणू शकते, ‘आम्ही स्वस्तात दिलं ते तुम्ही गेम घ्याल म्हणून. तुम्ही यंत्र घेतलंत, गेम घेतले नाहीत, वर कुलूप तोडून त्याचा टीव्हीचा डबा केलात. हा विश्वासघात नाही का?’

मला हा आरोप टिकणारा वाटत नाही. विश्वासघात होण्यासाठी आधी कुणीतरी वचन द्यावं लागतं. रेझरचा दांडा स्वस्त आणि ब्लेड महाग ठेवणाऱ्या कंपनीला ग्राहक ‘आयुष्यभर तुमचंच ब्लेड वापरीन’ असं वचन देत नाही. कंपनी एक अंदाज बांधते आणि त्यावर पैसे लावते. अंदाज चुकला तर तो धंद्यातला तोटा; त्यात ग्राहकाचं पाप कुठलं?

पण म्हणून प्रत्येक कुलूप अन्यायाचं ठरत नाही. २०१२ मध्ये रास्पबेरी पाय हा अगदी स्वस्त छोटा संगणक आला. त्याच्या चिपमध्ये डीव्हीडीचा एमपेग-२ व्हिडिओ उलगडायची सोय होती, पण ती बंद ठेवलेली होती. वेगळे २.४० पौंड भरले की किल्ली मिळायची. पेटंटचा खर्च ज्याला डीव्हीडी बघायची आहे त्यानेच द्यावा, बाकीच्यांना संगणक स्वस्त मिळावा, असा सरळ व्यवहार. हे कुलूप समोर दिसत होतं, त्याची किंमत माहीत होती आणि उरलेलं यंत्र पूर्ण तुमचं होतं. कुलूप कुणाचं रक्षण करतं आणि ते घेणाऱ्याला आधी सांगितलं होतं का, हे पाहिल्याशिवाय ते योग्य की अयोग्य हे ठरवता येत नाही.

आता दुसरी बाजू. २०१४ मध्ये एक्सबीएमसीचं नाव ‘कोडी’ झालं. कोडी इन्स्टॉल केल्यावर त्यात एकही सिनेमा नसतो. ते रिकामं भांडं आहे; भरायचं तुम्ही. पण काही विक्रेत्यांनी स्वस्त अँड्रॉइड डबे घेतले, त्यात कोडी टाकलं, चोरीच्या सिनेमांपर्यंत नेणारे अॅड-ऑन भरले आणि ‘एकदा पैसे द्या, कायम फुकट बघा’ म्हणून ते विकले. २०१७ च्या एप्रिलमध्ये युरोपीय न्यायालयाने नेदरलँड्समधल्या अशाच एका प्रकरणात सांगितलं, की असे भरलेले डबे विकणं हाच कॉपीराइटचा भंग आहे.

कोडी बनवणाऱ्यांची यात विचित्र कोंडी झाली. त्यांनी या विक्रेत्यांचा उघड निषेध केला, आपलं नाव वापरू नका म्हणून बजावलं. पण कोडी ज्या जीपीएल परवान्याखाली दिलं जातं, तो ‘तुम्ही हे कशासाठी वापरणार?’ असं विचारतच नाही. कोणीही, कुठल्याही कामासाठी वापरावं. नावावर त्यांचा हक्क होता, वापरावर नव्हता. स्वातंत्र्य फक्त चांगल्या माणसांना वाटता येत नाही. ते द्यायचं तर सगळ्यांना द्यावं लागतं आणि मग त्यातल्या काहींमुळे आपल्या नावाला लागणारा डागही सोसावा लागतो.

इथे मला दोन्ही पक्ष एकच घोटाळा करताना दिसतात. फुकट बघणारा म्हणतो, डबा माझा आहे, म्हणून त्यात दिसेल ते माझं. कंपनी म्हणते, सिनेमा आमचा आहे (किंवा आम्ही त्याचे राखणदार आहोत), म्हणून डबाही आमचाच. भांडं आपलं असलं म्हणून दूध फुकट होत नाही. आणि दूध गवळ्याचं असलं म्हणून आपलं भांडं त्याचं होत नाही. दोन वेगळे हक्क आहेत. एक सिद्ध केला की दुसरा आपोआप सिद्ध होत नाही.

भारतीय कायद्याने हा फरक बऱ्यापैकी ओळखला आहे. कॉपीराइट कायद्यात २०१२ मध्ये ६५ अ हे कलम आलं. हक्कांच्या रक्षणासाठी लावलेलं तांत्रिक कुलूप तोडणं हा गुन्हा आहे; पण तो हक्क मोडण्याच्या हेतूने तोडलं तर. म्हणजे कुलूप तोडलं एवढं पुरेसं नाही, कशासाठी तोडलं हे विचारलं जातं. आईवडिलांच्या लग्नाची कॅसेटवरून उतरवलेली फाइल टीव्हीवर बघायला डबा उघडणारा आणि काल लागलेला सिनेमा फुकट बघायला उघडणारा, दोघांचं हातातलं काम एकच असतं. तरी त्यांना एका मापाने मोजायचं नसतं.

एक प्रश्न मात्र या वाटणीतही नीट बसत नाही. जो सिनेमा विकत मिळत नाही, भाड्याने मिळत नाही, कुठल्याच अॅपवर नाही, त्याचं काय? गवळ्याने दुकानच बंद केलं आहे. चित्रपटावरचा हक्क आपल्याकडे प्रदर्शनानंतर ६० वर्षं टिकतो. त्यामुळे फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ (१९१३) आज सगळ्यांचा आहे; पण नव्वदच्या दशकातला एखादा सिनेमा कुणाच्या तरी कपाटात असाच पडून राहू शकतो. मिळत नाही म्हणून तो आपला होतो, असं मी म्हणणार नाही. पण विकत मिळत असताना चोरणं आणि कुठेच मिळत नसताना जुनी प्रत जपून ठेवणं यांचं वजन सारखं आहे, असंही मला म्हणवत नाही. पहिल्यात निर्मात्याच्या ताटातला घास जातो. दुसऱ्यात बहुधा फक्त विसरलं जाणं लांबतं.

कंपन्या एक दिवस अपडेट थांबवतात. धडधाकट डबा एकेक अॅप गमावत निकामी होतो आणि ई-कचऱ्यात जातो. अशा वेळी त्यात दुसरं सॉफ्टवेअर घालून त्याला आणखी पाच-सात वर्षं चालवणाऱ्याकडे मी चोर म्हणून बघूच शकत नाही. तो आपल्या वस्तूची काळजी घेतो आहे. फक्त संध्याकाळी त्याच डब्यावर नवा सिनेमा लावताना त्याने दुधाचे पैसे दिलेले असावेत.