क्षेपक आणि दुरुस्ती

दुसऱ्याने रचलेल्या आणि सर्वांच्या झालेल्या कृतीत हात घालण्याचा अधिकार कोठपर्यंत पोहोचतो, हा प्रश्न मराठीत निदान एकनाथांइतका जुना आहे. ज्ञानेश्वरी 1290 ची. पुढे तीनशे वर्षे नकलांवर नकला होत गेल्या. शब्द बदलले, क्षेपक ओव्या शिरल्या. शके 1506 मध्ये, म्हणजे 1584 साली, एकनाथांनी पाठ शुद्ध केला आणि शेवटी ताकीद दिली, की यात कोणी आपली ओवी घालू नये. चूक काढणे ही सेवा, भर घालणे ही आगळीक, असा तो दंडक.

डूम या 1993 च्या संगणकीय खेळाचा सोर्स कोड डिसेंबर 1997 मध्ये खुला झाला, तेव्हा दुरुस्त्या करणाऱ्यांपुढे हाच प्रश्न आला. त्याच्या ग्राफिक्स इंजिनात एका दृश्यातल्या जमिनी-छतांच्या सपाट तुकड्यांसाठी 128 च जागा राखलेल्या होत्या. त्या संपल्या की खेळ बंद पडे. 1998 च्या बूम या आवृत्तीने ही मर्यादा काढली. त्याबद्दल कोणाची तक्रार असण्याचे कारण नाही. लेखनिकाचा हस्तदोष सुधारावा तसे ते काम.

अवघड गोष्ट वेगळीच होती. नकाशे रचणाऱ्यांनी इंजिनाचे दोषच कामाला लावले होते. एखाद्या रेषेच्या दोन्ही अंगांना एकच विभाग नोंदवला, की जुने इंजिन आतली वेगळी उंची दाखवतच नसे. त्या फसवणुकीतून खोल पाणी आणि अदृश्य पूल उभे राहिले. ओपनजीएलवर बेतलेली नवी इंजिने भूमिती प्रामाणिकपणे काढू लागली आणि हे पूल बिघडले. मग अशा जागा ओळखून जुन्या चुकीची नक्कल करणारा कोड लिहावा लागला. अचूक इंजिनाला मुद्दाम चुकायला शिकवणे हास्यास्पद वाटेल, पण इथे चूक हाच मूळ पाठ होता.

दंडकातला फरक परवान्यात दिसतो. 1999 मध्ये डूमचा कोड जीपीएल परवान्याखाली आला. तो भर घालायला मनाई करीत नाही. बदल कोणी, कधी केला याची नोंद मागतो आणि प्रत वाटल्यास तिचा कोडही द्यायला लावतो. या दृष्टीने क्षेपकाचा दोष नवेपणात नाही. दुसऱ्याची ओवी ज्ञानेश्वरांच्या नावावर खपते, हा तो दोष.

मात्र शुद्धीचाही एक तोटा असतो. एकनाथांचा पाठ मान्यता पावला आणि आधीचे पाठ मागे पडले. बीड शहरात वि. का. राजवाड्यांना एक जुनी पोथी मिळाली. ती एकनाथपूर्व आहे असे मानून त्यांनी 1909 मध्ये तिच्यावरून ज्ञानेश्वरी छापली. त्यावर वादही झाले. दुरुस्तीपूर्वीचा पाठ हाताशी असता, तर ही शोधाशोध करावी लागली नसती. याचा दोष एकनाथांना देणे अन्याय्य ठरेल. हस्तलिखितांच्या काळात दोन्ही पाठ शेजारी सांभाळणे फार महाग होते. संगणकावर ते जवळजवळ फुकट आहे, म्हणून तिथे ही सबब चालत नाही. डूमच्या काही आवृत्त्यांत खेळणाऱ्याला जुन्या इंजिनाचे नियम निवडता येतात, आणि 1997 चा मूळ कोड आजही जसाच्या तसा मिळतो.