आधीच प्रसन्न असलेला देव

‘आणि देव प्रसन्न झाला’ या शब्दांपाशी आपल्याकडील कितीतरी कथा संपतात. ध्रुवाने घोर तप केले, मग नारायण प्रसन्न झाला. कुणी सोळा सोमवार केले, कुणी गाणगापुरी जाऊन दत्तपादुकांची सेवा केली, मग देव प्रसन्न झाला. लहानपणापासून अशा कथा ऐकत आल्यामुळे आधी तप, व्रत, सेवा आणि शेवटी प्रसन्नता, असा एक क्रम आपल्या मनात नकळत ठसून गेला आहे. ख्रिस्ती श्रद्धेचे एक सांगणे या क्रमाच्या नेमके उलट आहे. ईश्वराला प्रत्येक माणसाविषयी, त्याचे नाव घेऊन, आधीच आनंद वाटतो, असे ती श्रद्धा म्हणते. हे सांगणे गोड आहे यात शंका नाही. पण ते खरे मानावे काय, आणि मानले तर त्याने माणूस घडतो की बिघडतो, हा प्रश्न आम्हांस विचार करण्याजोगा वाटतो.

एका व्यक्तीसाठी स्वतः चालत येणारा देव आपणां बीदर-कलबुर्गीकडच्या मराठी माणसांना परका नाही. दामाजीपंतांची कथा येथे कुणाला ठाऊक नाही? बीदरच्या बादशहाच्या चाकरीत मंगळवेढ्याला असलेल्या या अधिकाऱ्याने दुष्काळात सरकारी कोठारे उपाशी लोकांसाठी खुली केली, आणि त्याच्यावर संकट येताच पंढरीचा राणा विठू महाराच्या वेषात बीदरच्या दरबारी येऊन सारी रक्कम भरून गेला. या कथेतील देवाने आपला मोठेपणा बाजूला ठेवला आणि तो आपल्या माणसासाठी हलक्या मानल्या गेलेल्या माणसाचा वेष घेऊन आला. परंतु येथेही क्रम तोच राहतो: आधी कोठार उघडले, मग देव आला. तेव्हा मनात येते की, ज्याच्यापाशी उघडायला कोठारच नव्हते, जो त्या रांगेत हात पसरून उभा होता, त्याच्याविषयी देवाला काय वाटत असेल?

अशा रांगेतल्या एका मुलीची हकिकत आपल्यापैकी अनेकांना निराळ्या संदर्भात माहीत असेल. पंडिता रमाबाई यांचा जन्म 1858 साली आजच्या कर्नाटकातील गंगामूळच्या रानात झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मंगळूरकडील भागात स्थायिक झालेल्या चित्पावन घराण्यातले. म्हणजे आपल्यासारख्याच, कन्नड मुलखात राहून मराठी जपणाऱ्या कुटुंबात त्या जन्मल्या. पत्नीला आणि मुलींना संस्कृत शिकविणारा हा विद्वान मुलाबाळांसह तीर्थोतीर्थी पुराणे सांगत फिरला. मिळेल ते दानधर्मात, व्रतांत आणि पूजेत गेले. पुढे 1870 च्या दशकातील दुष्काळात वडील, आई आणि थोरली बहीण थोड्या थोड्या अंतराने गेली. उरलेल्या रमाबाई आणि त्यांचे बंधू श्रीनिवासशास्त्री उपाशीपोटी पायी फिरत 1878 साली कलकत्त्यास पोहोचले. देवाला प्रसन्न करण्यासाठी जे जे करायचे ते सारे या कुटुंबाने केले होते, आणि तरीही कोणतेच कोठार उघडले नव्हते.

पुढे वैधव्य आल्यावर रमाबाई इंग्लंडला गेल्या आणि 1883 साली वाँटेज येथे त्यांनी लहानग्या मनोरमेसह बाप्तिस्मा घेतला. या निर्णयाने महाराष्ट्रात किती खळबळ उडाली हे सर्वश्रुत आहे, आणि ज्यांना दुःख झाले त्यांचे दुःख खोटे होते असे आम्ही म्हणणार नाही. आमचे लक्ष वेधते ते त्यांनी स्वतः 1907 साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या साक्षीकडे. लंडनमधील एका आश्रमात समाजाने टाकून दिलेल्या स्त्रियांची भगिनी सेवा करतात हे त्यांनी पाहिले, आणि त्यामागचे कारण विचारले असता त्यांना विहिरीवर आलेल्या शमरोनी स्त्रीची ख्रिस्तकथा ऐकायला मिळाली. त्या कथेने त्यांचे मन वळले. तरीही बाप्तिस्म्यानंतर सुमारे आठ वर्षे लोटल्यावर त्यांच्या ध्यानात आले की आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला, पण ख्रिस्त आपल्याला भेटला नाही. मते पटली होती, उपासना चालू होती, काम अपार होते. उणीव होती ती आपण स्वीकारले गेलो आहोत या खात्रीची. धर्म बदलला तरी जुना क्रम मनातून गेला नव्हता, असाच याचा अर्थ आम्ही लावतो. देवाला प्रसन्न करण्याची धडपड कोणत्याही धर्मात राहून चालू ठेवता येते, आणि कित्येक ख्रिस्ती माणसेही आयुष्यभर ती चालू ठेवतात.

शुभवर्तमानातील क्रम मात्र स्पष्ट आहे. येशू यार्देन नदीत बाप्तिस्मा घेऊन वर येतो तेव्हा आकाशातून पित्याची वाणी होते की, हा माझा प्रिय पुत्र आहे आणि याच्याविषयी मी संतुष्ट आहे. त्या क्षणापर्यंत मार्काच्या शुभवर्तमानात येशूने ना उपदेश केला आहे, ना कुणाला बरे केले आहे. संतोष आधी येतो आणि कार्य नंतर सुरू होते. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मुलाचे क्षमेचे बोल पुरते होण्याआधीच बाप धावत सुटतो. सफन्या संदेष्ट्याच्या ग्रंथात तर देव आपल्या लोकांविषयीच्या आनंदाने गातो अशी कल्पना आहे. आपण देवापुढे भजन करतो हे आपल्याला ठाऊक आहे. देव माणसासाठी गातो ही कल्पना ऐकून क्षणभर संकोच वाटतो.

यावर पहिला आक्षेप असा की, हा अहंकार आहे. कोट्यवधी जीवांत देवाला माझाच आनंद का वाटावा? परंतु पाच मुलांची आई प्रत्येकावर पाचवा हिस्सा प्रेम करीत नाही. देवाला माझा आनंद वाटतो असे म्हणणाऱ्याने शेजाऱ्याविषयीही तेच मानणे भाग आहे. ते न मानले तर मात्र तो नि:संशय अहंकार होय. दुसरा आक्षेप असा की, न कमावता मिळालेल्या प्रसन्नतेने माणूस आळसावेल. रमाबाईंचे पुढील आयुष्य याचे उत्तर देते. 1896-97 च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि सुमारे 300 मुली-स्त्रियांना केडगावच्या परिसरात घेऊन आल्या. 1900 च्या सुमारास गुजरातेतील दुष्काळग्रस्तांना आसरा दिला. जिच्यासाठी एकेकाळी कोठार उघडले नव्हते, तिनेच आता कोठार उघडले. दामाजींच्या कथेत कोठारामागून देव आला. येथे देव आधी भेटला आणि त्यामागून कोठार उघडले. चांगले काम ही प्रसन्नतेची किंमत उरली नाही, ते तिचे फळ झाले.

आपल्या गावाशीही या हकिकतीचा एक धागा जुळतो. तेव्हा निजामाच्या राज्यात असलेल्या गुलबर्ग्याला, म्हणजे आजच्या कलबुर्गीला, 1912 साली रमाबाई आणि मनोरमाबाई यांनी शाळा काढली.

तिसरा आक्षेप सर्वांत कठीण आहे. देवाला आनंद वाटतो, तर दुःख का येते? मनोरमाबाई 1921 च्या जुलैत वारल्या आणि रमाबाईंनी 5 एप्रिल 1922 रोजी देह ठेवला. एकुलत्या मुलीचा मृत्यू त्या मातेला पाहावा लागला. ख्रिस्ती विचारही याचा उलगडा करून देतो असे आम्हांस वाटत नाही. तो एवढेच दाखवितो की, यार्देनकाठी ज्याच्याविषयी संतोष व्यक्त झाला त्यालाच पुढे अरण्य आणि क्रूस वाट्याला आला. ईश्वराची प्रसन्नता हा संकटाविरुद्धचा विमा नव्हे, आणि म्हणूनच संकट हा अवकृपेचा पुरावाही नव्हे. उपाशी मेलेल्या अनंतशास्त्र्यांवर आणि लक्ष्मीबाईंवर देव रुष्ट होता, असे म्हणण्याचा अधिकार मग कुणालाच राहत नाही. या श्रद्धेचे सर्वांत मोठे मोल आम्हांस येथे दिसते.

आमच्या पिढीतील वडीलधाऱ्यांच्या तोंडी आज एक वाक्य वारंवार ऐकू येते. मुले पुण्याला, हैदराबादेला, बंगळुराला गेली. शेती दुसरा करतो. दिवेलागणीला ओसरीवर बसून कुणी म्हणते, ‘आता आमचा काय उपयोग?’ उपयोगावर माणसाचे मोल ठरविण्याची सवय आपल्याला इतकी जडली आहे की देवही तोच हिशेब ठेवीत असेल असे आपण धरून चालतो. आपल्या संतांनी विठ्ठलाला माउली म्हटले ते हा हिशेब मोडण्यासाठीच. ख्रिस्ती माणूस तीच गोष्ट आपल्या परीने सांगतो, आणि ती ऐकायला धर्म बदलावा लागत नाही. ओसरीवरच्या त्या माणसाने काही करून दाखविण्याची वाट न पाहता देव त्याच्याकडे आनंदाने पाहत असेल, तर आपणही त्याच्याशेजारी थोडा वेळ बसावे, हे ओघानेच आले.