उत्तराची घाई

काही वर्षांपूर्वीची गोष्ट आहे. रविवारच्या मिस्सानंतर बारावीत शिकणारा एक मुलगा मला भेटावयास आला. वेदीसेवक म्हणून तो लहानपणापासून माझ्या परिचयाचा. बराच वेळ घुटमळून तो म्हणाला, "फादर, आईला वाईट वाटू नये म्हणून मी मिस्साला येतो. माझा स्वतःचा विश्वास आहे की नाही, तेच मला कळत नाही." सेमिनरीत शिकलेली सारी प्रमाणे मी पाच मिनिटांत त्याच्यापुढे मांडली. त्याने मान डोलावली, आभार मानले आणि तो निघून गेला. तो प्रश्न घेऊन तो पुन्हा कधी आला नाही. मी सांगितले ते खोटे नव्हते; परंतु त्याला आपले ओझे क्षणभर कोणापुढे तरी उतरवून ठेवायचे होते, हे मला फार उशिरा उमगले.

तरुण मनातील द्वंद्व हा जणू एखादा ज्वर आहे आणि तो लवकर उतरला पाहिजे, असे आपण वडीलधारी माणसे मानतो. पण आपल्या वसईतील मुलांचेच पाहा. घरी सामवेदी किंवा वाडवळी बोली, शाळेत इंग्रजी, देवळात मराठी, आणि मुंबईत नोकरीला लागले की, "ख्रिस्ती असून इतके चांगले मराठी कसे बोलता?" हा प्रश्न. अशा मुलाने 'मी नेमका कोण?' असे स्वतःला विचारले, तर त्यात विपरीत ते काय?

या प्रश्नाला मानसशास्त्रात प्रतिष्ठा मिळवून देणारे एरिक एरिक्सन स्वतःच त्यातून गेले होते. त्यांचा जन्म १९०२ साली फ्रँकफुर्ट येथे झाला. जन्मदाता पिता कोण, हे त्यांना अखेरपर्यंत कळले नाही. सोनेरी केसांमुळे ज्यूंच्या प्रार्थनामंदिरात ते परके ठरत आणि शाळेत ज्यू म्हणून परके ठरत. तरुणपणी काही वर्षे ते चित्रकार म्हणून युरोपात भटकले. 'एरिक्सन' हे आडनावही त्यांनी १९३९ साली, अमेरिकेचे नागरिक होताना, स्वतः धारण केले. कायमची बांधिलकी पत्करण्यापूर्वी तरुणांना चाचपडण्यासाठी समाजाने अवधी द्यावा लागतो, असे त्यांचे प्रतिपादन होते.

ख्रिस्तसभेला हा अनुभव नवा नाही. एकोणिसाव्या वर्षी ऑगस्टीन सत्याच्या शोधात निघाला आणि मानी पंथात जाऊन पडला. व्यथित झालेली मोनिका एका बिशपांकडे गेली आणि मुलाशी वाद घालून त्याला ताळ्यावर आणण्याची तिने विनवणी केली. बिशपांनी नकार दिला. ते स्वतः बालपणी त्याच पंथात वाढले होते आणि त्या पंथाचे ग्रंथ वाचता वाचताच त्यातून बाहेर पडले होते. मुलगाही वाचूनच शिकेल, तू प्रार्थना कर, असा त्यांचा सल्ला होता. त्यांच्याजवळ उत्तरे नव्हती असे नाही. त्यांनी ती राखून ठेवली. मला त्या दिवशी नेमके तेच जमले नव्हते.

मग मुलांना वाऱ्यावर सोडायचे काय, असे पालक विचारतील. तसे मुळीच नाही. व्यसन किंवा निराशा मुलाच्या जिवावर उठली असेल, तर हात धरून ओढावेच लागते. पण शंका म्हणजे व्यसन नव्हे. मोनिकाने वाट पाहिली, पण पाठ फिरवली नाही. मुलगा तिला चकवून रात्रीच्या रात्री जहाजाने रोमला निघून गेला, तरी समुद्र ओलांडून ती मिलानपर्यंत त्याच्या मागोमाग पोहोचली. इ. स. ३८७ च्या ईस्टरला संत अँब्रोज यांच्या हस्ते त्याचा स्नानसंस्कार झाला, तेव्हा शोधाला आरंभ होऊन चौदा वर्षे लोटली होती. प्रत्येक मोनिकेला असा ईस्टर पाहावयास मिळेलच, याची हमी कोणी धर्मगुरू देऊ शकत नाही. मात्र दुसऱ्याच्या धाकाने स्वीकारलेली श्रद्धा घराबाहेर फार काळ टिकत नाही, एवढे मी तीस वर्षांच्या सेवेत पाहिले आहे.

त्या मुलाची आई आजही दर रविवारी पुढच्या बाकावर असते. तो शहरात असतो, नाताळला येतो आणि मागे दाराशी उभा राहतो. मागच्या नाताळात मी त्याच्याजवळ गेलो आणि म्हणालो, "त्या दिवशी मी तुझे पुरते ऐकून घेतले नाही." तो हसला. "आठवतेय तुम्हाला?" एवढेच म्हणाला; पण या खेपेस लगेच निघून गेला नाही.